रावणाचं आधारकार्ड

तुळशीदास मास्तरांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नाही, आणि ते नेमकं बँकेचं निघालं.

एरवी पत्राला उत्तर न देणं म्हणजे त्यांच्या लेखी पानावर बसलेल्या माणसाला उठवण्याइतकं मोठं पाप. लग्नपत्रिका आली तरी ते उलटटपाली शुभेच्छांचं कार्ड पाठवत. विजेच्या बिलावर 'वेळेत भरणा केल्याबद्दल आभारी आहोत' असं छापलेलं असे, त्याची त्यांना दरमहा चुटपुट लागे. आपणही आभार मानायला हवेत का, मानले तर ते पुन्हा मानतील का, आणि मग हे थांबवायचं कोणी? असा हा माणूस. त्याला श्रावणातल्या एका ओल्या दुपारी पोस्टमननं लिफाफा दिला. आत लिहिलं होतं:

'महोदय, आपल्या समितीच्या खात्यासाठी रावण, त्राटिका, मारुती, वेताळ व इतर यांनी भरणा केल्याचे दिसते. सदर व्यक्तींची ओळख पटत नाही. तरी त्यांच्या आधारकार्डाच्या प्रती जोडून त्या कोण हे पंधरा दिवसांत कळवावे.'

मास्तरांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं.

"कोण गेलं?" आतून जयवंतीबाईंनी विचारलं. नवरा इतका वेळ गप्प बसला की कोणीतरी गेलेलं असतं, हा त्यांचा अनुभव.

"कोणी नाही. बँक रावणाचं आधारकार्ड मागते आहे."

"मग देऊन टाका की," जयवंतीबाई म्हणाल्या आणि डाळीला फोडणी घालायला गेल्या.

आता हा रावण कोण, ते सांगायला हवं. मास्तर राहतात जव्हारला, पण मूळचे मोखाड्याकडचे, सूर्यमाळच्या वाटेवरल्या आवळपाड्याचे. शिमगा झाला की पाड्यावर बोहाडा होतो. मुखवटे बांधून देवांची न् राक्षसांची सोंगं रात्रभर संबळावर नाचतात. कोणतं सोंग कोणी घ्यायचं त्याची बोली लागते. बोलीचे पैसे जागच्या जागी कोणी देत नाही, तशी रीतच नाही. शिमग्यानंतर माणसं भिवंडीला, वसईला, ठाण्याला कामावर जातात आणि मजुरी हातात पडेल तशी वर्षभरात बोली फेडतात. संबळवाला, तेल, मांडव, मुखवट्यांचं रंगकाम यांचा खर्च मात्र तिथल्या तिथं भागवावा लागतो. म्हणून उत्सव समितीनं बँकेत एक ठेव ठेवली होती आणि त्या ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घेतला होता. म्हणजे खात्यात नसलेले पैसे बँक आधी देणार, समिती मागाहून भरणार, आणि मधल्या दिवसांचं व्याज बँक घेणार. ठेव होती मुखवट्यांच्या गळक्या खोलीवर नवे पत्रे घालायसाठी. आणि या सगळ्याचे खजिनदार तुळशीदास मास्तर.

ही खजिनदारकी मास्तरांना जिवापाड प्यारी होती. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मुलांकडे पाठ आणि फळ्याकडे तोंड करून शिकवलं, कारण फळा उलटून बघत नाही. निवृत्त झाल्यावर कपाटभर पुस्तकं घेऊन ते जव्हारच्या घरात बसले. पाड्यावर गेलं की इतरांशी काय बोलावं ते सुचायचं नाही. पण खजिनदार झाल्यापासून लोकच यायचे. "मास्तर, माझं फिटलं का?" असं विचारायचे, मग चहा व्हायचा, चहाबरोबर बोलणं व्हायचं. हे पद गेलं तर आपण आपल्याच गावात पाहुणे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आदल्या वर्षी एक घोटाळा झाला होता. पाड्यावर वाळू नावाची माणसं चार. पैसे भरले एका वाळूनं, जमा झाले दुसऱ्या वाळूच्या नावे. चौघांनी बसून 'देवाला ठाऊक हाय' असं ठरवलं आणि विषय संपवला. पण देवाला ठाऊक असलेली गोष्ट खजिनदारालाही ठाऊक असावी, या विचारानं मास्तरांची झोप उडाली. मग त्यांना एक युक्ती सुचली. देवळाच्या फळ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'बँकेत पैसे भरताना भरणाऱ्याच्या नावाच्या जागी आपल्या सोंगाचे नाव लिहावे.' वाळू चार असतील, रावण एकच! ही युक्ती मास्तरांना इतकी आवडली की त्यांनी ती जयवंतीबाईंना तीनदा सांगितली.

लोकांनी मास्तरांचा शब्द पाळला. भिवंडीच्या शाखेत एका उन्हाळी दुपारी रावणानं पैसे भरले. वसईत मारुतीनं भरले. नेमकी त्याच सुमारास आपली बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली, मोखाड्याची शाखा जव्हारच्या शाखेत गेली आणि खात्यांचे नंबर बदलले. लोक जुन्याच नंबरावर पैसे भरत राहिले. संगणकाला जुना नंबर अर्धामुर्धा आठवला, पण रावण काही आठवेना. त्यानं सगळे पैसे बेवारशी पैशांच्या कप्प्यात टाकले आणि ओव्हरड्राफ्ट होता तसाच उघडा ठेवला.

मास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, बँक आपल्या बोहाड्याची थट्टा करते आहे. रात्री वाटलं, थट्टा बोहाड्याची नसून आपली आहे. सकाळी वाटलं, थट्टा नसेलच, आपल्यालाच पत्र वाचता येत नसेल. त्यांनी उत्तराचा एक कडक मसुदा केला आणि भिऊन फाडला. मग एक नम्र केला, तो लाचार वाटला. तिसऱ्यात बोहाड्याचा साद्यंत इतिहास लिहायला घेतला, तो सातव्या पानावर अजून मुखवट्याच्या मातीपर्यंतच पोचला होता. शेवटी नुसतं 'आपले पत्र मिळाले' एवढंच लिहिलं, तर ते उद्धट वाटलं. पंधरा दिवस उलटले. आता उत्तर दिलं तर उशीर का झाला तेही लिहावं लागणार! मास्तरांनी पत्र शब्दकोशाच्या जाडजूड खंडात ठेवलं आणि त्यानंतर कोणत्याही शब्दाचा अर्थ बघायचा झाला की ते दुसरा कोश वापरू लागले.

माघात समितीच्या खात्याचा उतारा आला. ओव्हरड्राफ्ट एका पैशानंही फिटला नव्हता. त्यावर व्याज, व्याजावर व्याज. खाली सूचना होती: मार्चअखेर भरणा न झाल्यास रक्कम ठेवीतून वळती करण्यात येईल. म्हणजे पत्रे गेले.

मास्तरांनी मनोमन ठरवलं की व्याज गुपचूप आपल्या पेन्शनीतून भरायचं आणि खजिनदारकीचा राजीनामा द्यायचा. पण नवऱ्याच्या मनातलं गुपचूप जयवंतीबाईंना भांडी घासता घासता ऐकू येतं.

"तुम्ही भरलंत," त्या म्हणाल्या, "तर लोक काय म्हणतील? मास्तरांनी खाल्लं होतं, म्हणून भरलं."

हे मास्तरांच्या डोक्यात आलंच नव्हतं. ते मटकन खुर्चीत बसले.

"आणि आपले पैसे बँकेत गेलेत, तरी बँक व्याज घेते? मग ते परत मागा ना."

"ओव्हरड्राफ्टचं व्याज परत मिळतं का?"

"मला काय विचारता? एवढी पुस्तकं आहेत की."

मास्तरांनी खरोखरच पुस्तकं धुंडाळली. द्राक्षबागेवर एक सापडलं, हृदयरोगावर दोन, व्याजाच्या परतीवर एकही नाही. तेव्हा नाइलाजानं ते शेजारच्या उमेशरावांकडे गेले.

उमेशराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. सरकारी कागद वास घेऊन ओळखतील असा लौकिक. त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलं की आधी चहा मिळतो, आणि मग सल्ला संपेपर्यंत उठता येत नाही.

"मिळतं म्हणजे? न मिळून सांगतं कुणाला?" उमेशराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "मास्तर, पायरीपायरीनं जायचं. आधी शाखा. मग विभाग. मग लोकपाल. मग ग्राहक मंच. तिथंही नाही झालं तर हायकोर्ट कुठं गेलंय?"

"मार्चअखेरपर्यंत?"

"मार्चअखेरपर्यंत शाखेतून पोच मिळाली तरी पुष्कळ," उमेशराव म्हणाले. "पण लढायचं. तुमचा स्वभाव मऊ. बँकेत गेलात की आवाज चढवा. आवाज चढल्याशिवाय सरकारी माणूस मान वर करत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो."

मास्तर वाटेभर आवाज चढवण्याचा सराव करत बँकेत गेले. पहिल्या खेपेला दारात गर्दी दिसली, म्हणून ते समोरच्या पोस्टात शिरले आणि पाच आंतरदेशीय पत्रं विकत घेऊन घरी आले. दुसऱ्या खेपेला आत गेले, टोकन घेतलं, आणि नंबर आला तेव्हा खिडकीत बसलेल्या तरुणानं इतक्या गोड आवाजात "बोला बाबा, काय सेवा करू?" म्हणून विचारलं की चढवलेला आवाज मास्तरांच्या घशातच विरघळला. त्या तरुणानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, वय विचारलं, जयवंतीबाईंची तब्येत विचारली. अर्ध्या तासानं मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बँकेचं कॅलेंडर होतं आणि खिशात अपघात विम्याची पावती. व्याजाचं राहूनच गेलं.

"साप चावला तरी मिळतात," त्यांनी घरी येऊन चाचरत सांगितलं.

"मला का तुम्हाला?"

"तुला. म्हणजे चावायचा मला."

जयवंतीबाईंनी कॅलेंडर भिंतीवर लावलं. यापलीकडे त्या काही बोलल्या नाहीत, आणि याबद्दल मास्तर आजही त्यांचे ऋणी आहेत.

विम्याची बातमी उमेशरावांना कळली आणि ते पेटले. शेजाऱ्याचा अपमान हा त्यांना स्वतःच्या अपमानापेक्षा जास्त लागे, कारण त्यात त्यांना काही सोसावं लागत नसे. त्यांनी त्याच दुपारी एक निवेदन टाईप करून घेतलं. खाली सही करा म्हणाले. मास्तरांना वाटलं, व्याजाचा अर्ज असेल. शिवाय पूर्ण वाचून सही करणं म्हणजे उमेशरावांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. त्यांनी सही केली. निवेदनाच्या प्रती बँकेला, तहसीलला आणि पोलीस ठाण्याला गेल्या.

तिसऱ्या दिवशी जमादार दारात उभे.

"मास्तर, तुम्ही सोमवारपासून बँकेपुढं आमरण उपोषणाला बसताय म्हणे?"

मास्तरांच्या हातातला चहा बशीत, बशीतला धोतरावर. "मी? छे! मला पित्त आहे."

"सही तुमचीच ना? मग नाही बसत म्हणून लेखी द्या."

उपोषणाला परवानगी लागते हे मास्तरांनी वाचलं होतं. न बसायलाही अर्ज लागतो हे नवीन होतं. त्यांनी अर्ज लिहिला. जमादारांनी तो वाचला, म्हणाले, "यात 'तूर्त' कशाला? म्हणजे मागाहून बसणार?" तो शब्द खोडावा लागला. खाडाखोड केलेला कागद ठाण्यात चालत नाही, म्हणून पुन्हा लिहावा लागला. दोन साक्षीदार लागले. एक जयवंतीबाई झाल्या. दुसरे उमेशराव, आणि त्यांनी सही करताना खाली कंसात 'निषेधासह' असं लिहून ठेवलं.

त्याच संध्याकाळी दारात स्कूटर थांबली. काखेत फाईल घेऊन तिशीच्या एक बाई आत आल्या. घामानं डबडबलेल्या.

"तुळशीदास सर? मी प्रतिभा. बँकेची मॅनेजर. सर, तुम्ही उपोषण नका ना करू. ही माझी पहिलीच शाखा आहे."

मास्तर बनियनवर होते. ते आत पळाले, सदरा उलटा घालून बाहेर आले. "अहो, मीच घाबरलोय," ते म्हणाले. "मी उपोषणाला बसत नाही. तसं मी लिहून दिलंय. दोन साक्षीदारांनिशी."

प्रतिभा मॅडम गोंदियाच्या. जयवंतीबाईंनी त्यांच्यापुढं चहा आणि नागलीचे पापड ठेवले. पापड मोडता मोडता त्यांनी फाईल उघडली, तर वर श्रावणातल्या पत्राची प्रत. मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगावी. जव्हारची जमीन कातळाची, सहजासहजी दुभंगत नाही.

"सर, या पत्राच्या उत्तराची मी किती वाट बघत होते जी," मॅडम म्हणाल्या. "फोन नंबर खात्यावर जुना. एक माणूस पाड्यावर पाठवला, त्याला कोणीतरी सांगितलं, रावण भिवंडीला गेलाय, शिमग्याला येईल. मला वाटलं, हसतात मला."

"म्हणजे... तुम्ही थट्टा करत नव्हतात?"

"थट्टा कशाची? आमच्या आजोळी एका दुकानदाराचं नाव रावण आहे. चांगलं चालतं दुकान. म्हणून मी सरळ विचारलं."

मास्तरांनी बोहाडा, बोली, चार वाळू, फळ्यावरची युक्ती सगळं सांगितलं. इतकं सलग ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. मॅडम ऐकता ऐकता हसू लागल्या, मग डोळे पुसू लागल्या.

"मग व्याज परत मिळेल का?" जयवंतीबाईंनी मुद्द्याचं विचारलं.

"मिळेल ना. पैसे बँकेतच पडून होते हे पटलं, की ज्या त्या तारखेला जमा धरून व्याज नव्यानं काढता येतं. जितके दिवस पैसा आमच्या कप्प्यात होता, तितक्या दिवसांचं व्याज परत. जितके दिवस रावणाच्या खिशात होता, तितक्यांचं नाही. पण ज्यानं त्यानं स्वतः येऊन आधारकार्ड दाखवायचं, तोंड दाखवायचं. आणि मार्चअखेरच्या आत."

प्रश्न सुटला असं वाटायच्या आत मास्तरांच्या लक्षात आलं की सगळी सोंगं एका जागी सापडतात ती फक्त बोहाड्याला. आणि बोहाडा संपला त्याच दुपारी माणसं कामाच्या गाड्यांत बसून परत जातात. म्हणजे एकच सकाळ. आणि त्याआधी पाड्यावर चारचौघांत उभं राहून हे सगळं सांगायचं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी देवळापुढं समिती बसली. मास्तरांच्या खिशात राजीनामा होता. ते उभे राहिले आणि सवयीनं देवळाच्या फळ्याकडे तोंड करून बोलू लागले. पत्र आलं, मी उत्तर दिलं नाही, व्याज चढलं, पत्रे जातील. मास्तरांना वाटलं, आता कोणीतरी 'खाल्लं' म्हणणार.

"मास्तर, इकडं तोंड करा जरा," अध्यक्ष फागू पाटील म्हणाले. "पाठीशी काय बोलायचं?"

मास्तर वळले. पाटलांचे डोळे हसत होते.

"आमच्या रावणाची बँकेला वळख नाय, आसंच ना? मंग नेऊ की दाखवायला. त्यात रडायचं काय?"

"चूक माझी आहे, पाटील."

"तुमी एक पत्र लिवलं नाय. आमी जल्मात एक लिवलं नाय," मागून रावणवाला वाळू म्हणाला. "मंग चूक कुनाची मोठी?"

सगळे हसले. गोजाबाई मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "बँकंत च्या देतात का?"

राजीनामा खिशातच राहिला.

बोहाडा संपला त्या सकाळी दोन जीपगाड्या जव्हारला आल्या. रात्रभर नाचलेली माणसं, कपाळावर गुलाल, डोळे लाल. अडचण एकच होती. आवळपाड्याची रीत अशी, की दुपारी देवळात नारळ फुटेपर्यंत ज्यानं सोंग बांधलं त्यानं मुखवटा भुईवर ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. त्यामुळे वाळू दहा तोंडांचा रावण पाठीवर बांधूनच आला होता. जीपमध्ये त्यानं तिघांची जागा घेतली आणि भाडं एकाचंच दिलं, यावरून वाटेत तंटाही झाला होता.

दारावरच्या पहारेकऱ्यानं हात आडवा केला. "चेहरा झाकून आत यायचं नाही. पाटी वाच."

"झाकला कुटं? हा काय चेहरा. तो पाठीवर हाय."

"तो कोणाचाय?"

"त्याचीच वळख पटवायला आलोय ना, दादा."

पहारेकऱ्यानं थोडा विचार केला. "बरं. पण दहा तोंडं असली तरी टोकन एकच मिळंल."

रावण समोरून दारात मावेना. तो आडवा होऊन, खेकड्यासारखा आत शिरला. पेन्शनीला आलेल्या म्हाताऱ्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या. विम्याच्या तरुणानं खुर्चीतून उठून हात जोडले, आणि मास्तरांनी मनातल्या मनात त्याला माफ केलं.

मॅडमनी एकेक नाव पुकारायला घेतलं. "त्राटिका कोण?"

"मी," गोजाबाई पदर सावरत पुढं आली.

सगळी शाखा खिडक्यांतून वाकून बघू लागली. त्राटिका जेमतेम तीन हात उंचीची, बोळक्या तोंडाची.

"आजी, नाचता तुम्ही?"

"नाचतो पोरगा, मंगेश. तो उभा बघ दांडगा. पन बोली माझी, पैसं माझं. मंग त्राटिका कोन झाली?"

हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. गोजाबाईचं काम झालं. तिला चहा मिळाला. मारुती झाला, वेताळ झाला. मग वाळू चेहरा ओळखणाऱ्या यंत्रापुढं उभा राहिला. यंत्रानं त्याच्या तोंडाभोवती हिरवी चौकट काढली. मग खांद्यावरच्या तोंडाभोवती काढली. मग एकामागून एक दहाही तोंडांभोवती. आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'कृपया एका वेळी एकाच व्यक्तीने उभे राहावे.'

"मी एकलाच हाय!" वाळू यंत्राला म्हणाला.

पुन्हा प्रयत्न झाला. पुन्हा अकरा चौकटी. मुखवटा उतरवायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. मंगेशनं मागं चादर धरली, तर यंत्र मंगेशलाच ओळखू लागलं. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. भिवंडीची गाडी काही रावणासाठी थांबणार नव्हती, आणि रावणाची रक्कम सगळ्यांत मोठी. ती राहिली तर पत्र्यांतले निम्मे पत्रे गेले.

"थांबा!" असा एक मोठा आवाज झाला.

कोण ओरडलं म्हणून मास्तरांनीही इकडंतिकडं बघितलं. मग कळलं, आपणच. सगळी बँक त्यांच्याकडे बघत होती. आता आवाज चढलाच आहे तर वापरावा, म्हणून ते वाळूच्या मागं गेले, गुडघे दुखत असताना उकिडवे बसले आणि आपली काळी छत्री भर बँकेत उघडून त्यांनी वाळूचं डोकं आणि ती दहा तोंडं यांच्यामध्ये आडवी धरली. स्वतः छत्रीआड झाले. यंत्राला वाळूमागं नुसता काळोख दिसला.

"डोळे मिचकावा," मॅडम म्हणाल्या. वाळूनं मिचकावले. यंत्र टुणकन वाजलं. पडद्यावर हिरवी खूण आली आणि रावणाची ओळख पटली.

बँकेत टाळ्या पडल्या. छत्रीआड मास्तर हसत होते, आणि गुडघे धरल्यामुळे त्यांना उठता येत नव्हतं. चारी वाळूंपैकी रावणवाल्या वाळूनंच त्यांना बगलेत हात घालून उठवलं. "मास्तर," तो म्हणाला, "फुडल्या साली तुमाला बी एक सोंग देऊ. नाचायचं नाय. नुसतं लपायचं."

तासाभरात मॅडमनी कागद पुढं केला. भरलेले पैसे ज्या त्या तारखेला जमा झाले होते, व्याज परत आलं होतं. जे राहिलं ते खरंच देणं होतं, आणि ते फारसं नव्हतं. ठेव शाबूत. पत्रे शाबूत. मास्तरांना काहीतरी बोलायचं होतं. पाटलांना, वाळूला, मॅडमना, घरी कॅलेंडर भिंतीवर टांगून गप्प राहिलेल्या जयवंतीबाईंना, एवढंच काय पण उमेशरावांनाही, कारण त्यांचं निवेदन गेलं नसतं तर मॅडम घरी आल्या नसत्या. इतके आभार एकदम साठले की एकही बाहेर पडेना. ते नुसते छत्रीची मूठ पुसत राहिले.

"सर, एकच राहिलं," मॅडम म्हणाल्या. "माझ्या पत्राचं उत्तर. फाईलला लागतं. नाहीतर ऑडिटवाले विचारतील, ही बाई रावणाला पत्रं लिहिते काय?"

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या उजेडात मास्तर लिहायला बसले. बोहाड्याचा इतिहास मनात आला होता. त्यांनी तो येऊ दिला आणि जाऊ दिला. जयवंतीबाईंना वाचून दाखवलं:

'महोदया, आपले पत्र मिळाले. उत्तरास फार उशीर झाला, क्षमा असावी. रावण म्हणजे आमचा वाळू, त्राटिका म्हणजे गोजाबाई, मारुती आणि वेताळ हे जिवा व लहान्या. इतरांची यादी सोबत आहे. सर्व माणसे माझ्या ओळखीची आहेत. ती कोण, हे आपण विचारलेत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे. आपला, तुळशीदास, खजिनदार.'

"यात काही खोडू नका आता," जयवंतीबाई म्हणाल्या.

पोस्टात तिकीट लावताना कारकुनानं लिफाफ्यावरचा पत्ता वाचला आणि खिडकीतून बाहेर बोट केलं. "मास्तर, बँक समोरच तर आहे. रस्ता ओलांडून देऊन या की. तिकिटाचे पैसे वाचतील."

"असू दे," मास्तर म्हणाले. "त्यांचं पत्र पोस्टानं आलं होतं."

बाहेर येऊन त्यांनी पत्र तांबड्या पेटीच्या फटीत धरलं, एकदा पुन्हा काढून नाव नीट लिहिलंय ना ते बघितलं, आणि सोडलं.